जसं नेलं तसं परत

सोमनाथ गायधनींनी उसनं नेलेलं पुस्तक परत केलं की मूळ मालकाला ते नवं वाटायचं. निदान गायधनी तरी असंच सांगत. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांच्या टेबलावरच्या एकाही फायलीचा कोपरा मुडपला नव्हता. पुस्तकाला खाकी कव्हर घातल्याशिवाय ते पहिलं पान उलटत नसत, आणि पान उलटायला बोटाला थुंकी लावणाऱ्या माणसाशी शक्यतो संबंध ठेवत नसत.

अशा माणसाने टपालाने पुस्तकं फिरवणारं मंडळ काढावं, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं. मंडळ म्हणजे चार घरं. सिन्नरच्या निवृत्त नर्स सुलाबाई ताजणे, लासलगावचे कांदा व्यापारी धोंडीराम शेळके, येवल्याचा पैठणी विणणारा गोरक्ष नागपुरे, आणि पंचवटीत स्वतः गायधनी. एकाचं वाचून झालं की त्याने पुस्तक दुसऱ्याला पाठवायचं. तेही टपालानेच. कुणी नाशिकला चाललाय म्हणून पिशवीतून नेतो म्हटलं तर गायधनींना खपत नसे. ज्याला पोस्टात रांग लावायचा कंटाळा आहे तो वाचणार तरी काय, असं त्यांचं म्हणणं. पुस्तकासाठी त्यांनी मांजरपाटाची पिशवीही शिवून घेतली होती, तोंडाला नाडी असलेली. घरातल्या उश्यांनासुद्धा एवढे चांगले अभ्रे नव्हते, असं त्यांच्या पत्नी सविताताई म्हणत.

तर या मंडळाच्या कानावर आलं की देवळ्याच्या डॉ. भिकन देवऱ्यांचं आत्मचरित्र जबरदस्त आहे. डॉक्टरांनी सगळी हयात सरकारी शवागारात काढलेली. बुडालेले, जळालेले, विष दिलेले, दिल्याचा नुसता संशय असलेले, असे शेकडो जण त्यांच्या हाताखालून गेले होते. पुस्तकाचं नाव 'माझे शांत पेशंट'. पण ते बाजारातून केव्हाच संपलेलं. उरलेली एकच प्रत डॉक्टरांकडे होती, आणि तिच्यात त्यांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी पेन्सिलीने पानोपानी दुरुस्त्या केल्या होत्या. दिवाळी झाली की प्रकाशकाचा माणूस ती न्यायला येणार होता.

ती प्रत मागायला गायधनी गणपतीत स्वतः देवळ्याला गेले. डॉक्टर आता ऐंशीच्या घरात. अंगणात कांद्याचं बी वाळत घातलं होतं, त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी सरळ नकार दिला.

"सगळ्या दुरुस्त्या त्यातच आहेत. पुन्हा करायला सांगाल तर आता आठवायच्या नाहीत मला."

"डॉक्टरसाहेब," गायधनी म्हणाले, "माझ्याबद्दल कुणालाही विचारा. जसं नेलं तसं परत आणून देईन. हा गायधनीचा शब्द."

डॉक्टरांनी त्यांच्या शर्टाच्या इस्त्रीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि पुस्तक दिलं. आयुष्यभर त्यांनी माणसं बाहेरून बघून अंदाज बांधले होते. क्वचित एखादा चुकत असणार.

*

पुस्तक सिन्नरला गेलं, तिथून लासलगावला, तिथून येवल्याला, आणि दसरा झाल्यावर गायधनींकडे परत आलं. त्यांनी मुद्दामच स्वतःचा नंबर शेवटी ठेवला होता. वाचायचं, तपासायचं आणि देवळ्याला रवाना करायचं.

त्यांनी पिशवीची नाडी सोडली. पुस्तकाला कांद्याचा वास येत होता, पण लासलगावहून आलेल्या वस्तूचा तो हक्कच म्हणायचा. मग त्यांनी एकेक पान तपासायला घेतलं. 'विषप्रयोग' नावाच्या प्रकरणापाशी आले आणि थांबले.

समासात, डॉक्टरांच्या पेन्सिलीच्या दुरुस्तीला खेटून, अंगठ्याएवढा पिवळा डाग होता.

"अहो, आलं का पुस्तक?" सविताताई स्वयंपाकघरातून आल्या. "तुमच्या आधी मला द्या. तुम्ही अभ्यास करत बसता."

"कुणीही हात लावायचा नाही," गायधनी म्हणाले, आणि पुस्तक घेऊन गॅलरीच्या खोलीत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्यांनी एकदा जरी तो डाग बायकोला दाखवला असता तरी ही गोष्ट इथेच संपली असती. पण पुरावा जितक्या कमी हातांत जाईल तितका बरा, असं डॉक्टरांनीच पहिल्या प्रकरणात लिहून ठेवलं होतं.

सगळं पुस्तक गायधनींनी बैठक मारून वाचलं आणि वाचता वाचता त्यांचा पार कायापालट झाला. नखाखालच्या मातीवरून डॉक्टरांनी खुनी पकडला होता. शर्टाच्या बटणावरून पकडला होता. मग एका डागावरून एक वाचक पकडायला काय हरकत आहे? ज्याने कुणी जेवताना पुस्तक वाचलं त्याला मंडळातून काढायचं, आणि त्याचं नाव सांगूनच पुस्तक डॉक्टरांच्या हाती द्यायचं, असा त्यांनी निश्चय केला.

पहिला फोन सिन्नरला.

"सुलाबाई, खरं सांगा. पुस्तक वाचताना काही खाल्लंत?"

"गायधनीभाऊ, मी अपघाताच्या वॉर्डात पोळी खाल्लेली बाई हाय. माझ्या हातून कधी साबुदाणा सांडला नाय."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे नाय. आन पुन्हा इचारू नका."

धोंडीरामशेठना फोन लागला तेव्हा मागे लिलाव चालला होता.

"जेवताना? अहो साहेब, ते पुस्तक घरात घेऊच दिलं नाही आमच्या बायकोनं, कुसाबाईनं. इतके मुडदे एकाच वेळी घरात नको म्हणाली. मी कांदे साठवायच्या चाळीत बसून वाचलं. बुडालेल्यांचं प्रकरण सोडलं हां, तेवढं माफ करा. त्यानंतर विहिरीवर जायचं होतं."

येवल्याच्या गोरक्षला तर प्रश्नच कळेना. "काका, आमच्याकडे माग घरातच आहे. रेशमाजवळ आम्ही पाण्याचा पेलासुद्धा नेत नाही. पुस्तक मागाशेजारच्या फळीवर होतं. तिथे कोण खाणार?"

तिघेही ठाम, आणि तिघांचाही आवाज खरा वाटत होता. गायधनींना वाईट वाटलं. आपण इतकी वर्षं ज्यांना पुस्तकं पाठवली त्यांतला एक जण इतक्या सफाईने खोटं बोलू शकतो, याचं खरोखर वाईट वाटलं. पण डॉक्टरांनी लिहिलंच होतं, माणूस बोलायचा थांबला की तपासणी सुरू करावी.

*

त्यांनी कापसाचा बोळा घेतला, ओला केला, त्यावर अंगाचा साबण घासला, आणि डागाच्या कडेला हलकेच टेकवला. कड पुसली गेली तर डाग कशाचा आहे ते तरी कळेल, असा त्यांचा हिशेब. आयुष्यात एकही कपडा स्वतः न धुतलेल्या माणसाच्या मानाने हिशेब वाईट नव्हता.

डाग लाल झाला.

गायधनी खुर्चीवर बसले. मग उठून पुन्हा बघितलं. फिकट नाही, चांगला लाल. त्यांनी बोळा सबंध डागावर फिरवला, तसा सबंध डाग लालभडक झाला. चष्मा काढून पुसला तरी लालच. पुस्तकातच एक प्रकरण होतं, वर्षानुवर्षं चहाचा म्हणून समजलेला गोधडीवरचा डाग औषध लावताच रंग बदलतो आणि खुनी दीर सापडतो. गायधनींना सगळं उलगडलं. पिवळा रंग हे नुसतं वरचं सोंग होतं. आत रक्त होतं.

पुन्हा फोन.

"सुलाबाई, मागच्या महिन्यात तुमच्याकडे कुणाला काही लागलंबिगलं होतं का? रक्त वगैरे?"

सुलाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, रक्त तुम्हाला पडतंय का? लाजू नका. खोकल्यातून की खालून?"

"मला नाही हो."

"समदे असंच म्हणत्यात. सविताताईला द्या फोन."

गायधनींनी फोन ठेवला. धोंडीरामशेठ म्हणाले, आमच्याकडे अडतीवरून डोकी फुटतात, पण ती बाजार समितीच्या आवारात, चाळीत नाही. गोरक्ष म्हणाला, "काका, तुमची तब्येत बरी आहे ना? आत्ताच सुलामावशींचा फोन येऊन गेला."

आता मागे फिरणं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं की बाहेरून दिसतं ते अर्धंच, निकाल आतून लागतो. हे रक्त शिवणीत, पार पाठीपर्यंत मुरलं आहे का, ते बघायलाच हवं होतं. गायधनींनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. दाढीचं नवं पातं काढलं. दिलेला शब्द आठवला. पण शब्द पाळायचा तर गुन्हेगार हवा, आणि गुन्हेगार हवा तर पाठ उघडायला हवी. उघडलेलं पुन्हा शिवता येतं, डॉक्टरांनीही सगळ्यांना नीट शिवूनच परत केलं होतं. त्यांनी पातं चालवलं.

डिंक जुना होता. एक टाका तुटताच सबंध पाठ सुटली, आणि 'माझे शांत पेशंट' पानापानाने टेबलावर उतरलं. आत रक्ताचा थेंब नव्हता. डाग एका पानापुरताच होता.

गायधनींनी सगळी पानं नंबरवार जमिनीवर आणि पलंगावर मांडली. साबणाने ओलं झालेलं पान वाळायला मध्ये ठेवलं. उजेडासाठी गॅलरीचं दार उघडलंच होतं. पान लवकर वाळावं म्हणून त्यांनी पंखा लावला. पाचावर.

पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढूनसुद्धा एवढी मोठी गळती त्यांनी पाहिली नव्हती.

*

गायधनींची गॅलरी पंचवटीतल्या भाजी बाजाराच्या गल्लीवर उघडते. सकाळची गर्दीची वेळ. आत्मचरित्र सावकाश तरंगत खाली उतरलं. काही पानं मेथीवर, काही रिक्षांच्या टपावर, एक थेट दर्शनाहून येणाऱ्या गुरुजींच्या ताम्हनात.

"सविता," दाराची कडी काढत गायधनी ओरडले, "पिशवी घे."

सविताताईंनी जमिनीवर उरलेली चार पानं, दाढीचं पातं आणि नवऱ्याचा चेहरा बघितला. मोठी पिशवी घेतली आणि जिना उतरल्या.

गल्लीत पोचल्यावर गायधनींना वाटलं होतं की लोक पानं तुडवत असतील, पुड्या बांधत असतील. पण तसं काहीच नव्हतं. सगळी गल्ली वाचत होती. एक रिक्षावाला सीटवर पाय घेऊन मोठ्याने वाचत होता, "'विहिरीतून काढलेल्या त्या इसमाच्या फुप्फुसात पाण्याचा थेंब नव्हता. मी फौजदाराला म्हणालो, हा बुडून मेलेला नाही, याला मारून टाकलं आहे, आणि मारणारा'..." त्याने पान उलटलं. "संपलं. पुढचं कुणाकडे आहे?"

"माझ्याकडं साडीनं फास घेतलेल्या बाईचं हाय," कोथिंबीरवाली म्हणाली. "विहिरीचं नाय."

"अहो, माझ्याकडे विहीर आहे," गुरुजी पलीकडून म्हणाले. "मेव्हणा निघाला."

"आवं, सांगायचं कशाला," कोथिंबीरवाली म्हणाली. " वाचू द्यायचं ना."

यामुळेच पानं जमली. पुढचं पान हवं म्हणून ज्याने त्याने दुसऱ्याकडचं शोधून काढलं. टोपल्या उचलल्या गेल्या, गाड्यांखाली वाकून बघितलं गेलं. गायधनी नंबर लावत होते आणि सविताताई पिशवी धरून उभ्या होत्या. शेवटचं पान कोथिंबीरवालीकडे होतं. तिला अक्षर लागत नव्हतं, शेजारणीने पहिल्या दोन ओळी तेवढ्या वाचून दाखवल्या होत्या, आणि साडीवाल्या बाईचं पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय ती पान सोडायला तयार नव्हती. गायधनींना गल्लीच्या मधोमध उभं राहून ते मोठ्याने वाचावं लागलं. ऐकून तिने डोळे पुसले, पान दिलं, वर कोथिंबिरीची जुडीही दिली.

घरी येऊन मोजलं. एकही पान कमी नव्हतं. गायधनींनी पाट्यावरचा वरवंटा त्या गठ्ठ्यावर ठेवला आणि त्याच्याशेजारीच बसून राहिले.

"आता?" सविताताईंनी विचारलं.

"मीच घेऊन जातो."

"टपालाने नाही?"

गायधनींनी मांजरपाटाची पिशवी काढली. शब्द त्यांनी तोंडाने दिला होता, तर तोंडच घेऊन जायला हवं होतं.

*

एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली तरी त्यांनी ती घेतली नाही. वाऱ्याचा त्यांनी आता धसका घेतला होता. मांजरपाटाची पिशवी मांडीवर घट्ट धरून ते देवळ्याला उतरले.

डॉक्टर त्याच खुर्चीत होते. गायधनींनी पिशवीची नाडी सोडली आणि गठ्ठा समोरच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी एकदा पानांकडे, एकदा गायधनींकडे पाहिलं.

"हाई काय शे?" त्यांच्या तोंडून घरातली भाषा निघाली. मग त्यांनी आत हाक मारली, "चैताली, चष्मा लई ये."

सुनेने चष्मा आणून दिला. गायधनींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. डाग, फोन, साबण, पातं, पंखा. काहीही लपवलं नाही. सांगताना त्यांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, कारण इस्त्रीच्या शर्टाकडे बघून या माणसाने त्यांच्यावर विश्वास टाकला होता.

डॉक्टरांनी डागाचं पान उजेडात धरलं. नाकाजवळ नेलं. "साबण लावण्याआधी पिवळा होता?"

"हो."

"लावल्यावर लाल झाला?"

"लालभडक. रक्त."

"हळद," डॉक्टर म्हणाले. "हळदीला साबण लागला की ती लाल होते. गायधनी, तुमचे कपडे कोण धुतं?"

गायधनी खाली बघू लागले. पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा निश्चय पुन्हा उसळला. हळद म्हणजे भाजी. म्हणजे कुणीतरी जेवलंच होतं. त्यांनी तिथूनच येवल्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. या वेळी फोन गोरक्षच्या बायकोने, हर्षालीने घेतला.

"हर्षाली, पुस्तकावर हळद कुणी सांडली?"

"सांडली नाही काका, मी लावली. दसऱ्याला मागाची पूजा केली ना, तेव्हा पुस्तक शेजारीच होतं. मग त्याचीही केली."

"मग असं मधल्या पानावर?"

"आमच्याकडे साडी जिथवर विणून झाली असेल तिथेच हळदीचं बोट लावतात. मागाला कळतं, पुढे कुठून जायचं ते. माझं पुस्तक जिथवर वाचून झालं होतं तिथे लावलं. कुंकू मुद्दाम नाही लावलं, त्याचा डाग जात नाही. हळद दोन दिवस उन्हात ठेवली की उडते. ठेवलं होतं ना तुम्ही उन्हात?"

"पण मी तुम्हाला इतक्यांदा विचारलं..."

"तुम्ही विचारलंत, खाल्लं का. मग विचारलंत, लागलं का. पूजा केली का असं कुठे विचारलंत?"

गायधनींनी फोन बंद केला. मग डॉक्टर खुर्चीत ताठ बसले आणि समोर कुणी लिहून घेत असल्यासारखे सांगू लागले.

"बाह्य तपासणी. पाठ मानेपासून खालपर्यंत उघडलेली. सर्व अवयव सुटे, पण जागेवर. अंगाला कांद्याचा वास, काही ठिकाणी कोथिंबिरीचा. एका पानावर हळदीचा डाग, निरुपद्रवी. मृत्यूचं कारण," त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, "शवविच्छेदन."

गायधनींनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या.

"मी सगळ्या नोकरीत एकच पथ्य पाळलं, गायधनी. समोरचा मेलाय याची खात्री झाल्याशिवाय सुरी हातात घेतली नाही."

मग मात्र म्हातारा हसायला लागला, इतका की चैतालीला पाणी घेऊन धावत यावं लागलं. पेन्सिलीच्या दुरुस्त्या सगळ्या शाबूत होत्या, आणि प्रकाशकाला तेवढंच हवं होतं. कोथिंबीरवालीने ऐकण्यासाठी अडवून धरलेल्या पानाचा किस्सा तर डॉक्टरांनी दोनदा सांगायला लावला. दुसऱ्यांदा ऐकताना ते हसले नाहीत. साडीवाल्या बाईसाठी तेव्हा कुणीच रडलं नव्हतं, एवढंच म्हणाले.

*

नवी आवृत्ती निघाली तेव्हा डॉक्टरांनी मंडळाला एक प्रत भेट पाठवली. पण ती आली सिन्नरला. सुलाबाईंचा फोन आला.

"भाऊ, क्रम डॉक्टरांनीच ठरवून दिलाय. आधी मी, मग धोंडीरामशेठ, मग येवला, मग सविताताई. आन सगळ्यात शेवटी तुम्ही."

"बरोबर आहे. तपासून घ्यायला मी शेवटीच असतो."

"त्यासाठी नाय. डॉक्टर म्हणाले, गायधनींच्या नंतर पुस्तक कुणाला पाठवायला उरत नाय."

गायधनींनी हे ऐकून घेतलं. घेण्यासारखंच होतं.

पुस्तक फिरत फिरत पंचवटीला आलं, मधल्या पानावर हळदीचं बोट घेऊनच. सविताताईंनी ते ताब्यात घेतलं आणि थेट जेवायच्या टेबलावर नेलं. ताटाशेजारी उघडं पुस्तक. समोर गायधनी बसले होते, हात मांडीवर, तोंड घट्ट मिटून. विहिरीच्या प्रकरणात मेव्हण्याचा पत्ता लागायला आणि सविताताईंच्या हातून वरणाचा थेंब पानावर पडायला एकच गाठ पडली.

सविताताईंनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. गायधनी उठले. पुस्तक उचललं, गॅलरीत उन्हात उघडं ठेवलं, दोन्ही बाजूंच्या पानांवर एकेक वजन म्हणून वरवंटा आणि खलबत्ता ठेवला, आणि शेजारी स्टूल टाकून बसले.

"साबण देऊ का?" सविताताईंनी आतून विचारलं.

"नको," गायधनी म्हणाले. "आणि पंखा बंद कर."